रहीमसाहेब आणि आपल्या गावचे मैदान

धावडा हे आमचे गाव भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ. कापूस, मका आणि मिरची हे इथल्या चावडीवरचे विषय. पोरांच्या हातात बॅट दिसते, फुटबॉल क्वचितच. तरीही या वेळी आम्ही फुटबॉलवर लिहायला बसलो आहोत, त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की २०२४ साली ‘मैदान’ नावाचा हिंदी सिनेमा आला आणि मोबाईलच्या कृपेने आमच्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचला. तो पाहून वर्गात एकाने विचारले, “सर, ये रहीमसाब सच्ची में थे क्या?” दुसरे कारण गावातले आहे. शाळेच्या मैदानाची रस्त्याकडची बाजू दुकानांच्या गाळ्यांसाठी द्यावी, अशी कुजबुज आमच्याकडे सुरू झाली आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता दुसऱ्याचेही उत्तर सापडते, असे आम्हाला वाटले. म्हणून हा लेख.

होय, सय्यद अब्दुल रहीम खरेच होऊन गेले. १९०९ साली हैदराबादेत त्यांचा जन्म झाला. उस्मानिया विद्यापीठातून ते पदवीधर झाले आणि त्यांनी शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. काचीगुडा, चादरघाट या भागांतल्या शाळांमध्ये त्यांनी शिकवले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. भारतीय फुटबॉलचा सर्वांत मोठा प्रशिक्षक म्हणून आज ज्यांचे नाव घेतले जाते, ते मुळात आमच्यासारखेच खडू-फळ्याचे माणूस होते. आणि ते परमुलखातलेही नव्हेत. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा तर १ मे १९८१ ला झाला. आपल्या आजोबा-पणजोबांची मोठी कचेरी, मोठे कोर्ट आणि मोठे कॉलेज हैदराबादेतच असे.

हा खेळ आपल्या देशात आला तो इंग्रजांच्या छावण्यांमधून. १८८८ मध्ये सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला आणि १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स कप. दोन्ही स्पर्धा मुख्यतः गोऱ्या पलटणींच्या होत्या. त्या आधी आपले लोक दोरीबाहेर उभे राहून बघत असत. मग त्यांनी बॉल मिळवला, मोकळी जागा शोधली आणि स्वतःचे क्लब काढले. तेव्हाचा बॉल चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर आणि वरून वादी आवळलेली. पावसात भिजला की दगडासारखा जड होई. बूट परवडत नसत, म्हणून बहुतेक सगळे अनवाणी खेळत. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्याच्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांच्या अकरांपैकी एकाच्याच पायात बूट होते.

आपल्या समाजाच्या दृष्टीने मोठे नाव म्हणजे कोलकात्याचाच मोहम्मेडन स्पोर्टिंग क्लब. १८९१ हे त्याच्या स्थापनेचे वर्ष. पुढची चाळीसेक वर्षे त्याने फार काही जिंकले नाही. वर्गणी काढायची, पोरे गोळा करायची, हरायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहायचे, असेच चालले. मग व्यवस्था बदलली. बंगळूरसारख्या दूरच्या शहरांतून चांगले खेळाडू आणले आणि पावसाळी चिखलात बूट घालून खेळण्याचा सराव केला. १९३४ मध्ये या क्लबाने कोलकाता लीग जिंकली. तोवर कोणत्याही भारतीय संघाला ती जिंकता आली नव्हती. त्यानंतर १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे लीग त्यांच्याकडेच राहिली. १९४० मध्ये त्यांनी दिल्लीत रॉयल वॉरविकशायर पलटणीला २-१ ने हरवले आणि ड्युरँड कप जिंकणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान मिळवला. आपल्या मुंबईच्या रोव्हर्स कपचेही तसेच. तो जिंकणारा पहिला भारतीय नागरी संघ १९३७ चा ‘बंगलोर मुस्लिम्स’. पुढच्या वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकला.

ही नावे वाचून आजचा तरुण विचारील, खेळात धर्म कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्या काळचे क्लब पाहिले तर लक्षात येते की माणसे जिथे आधीपासून जमत होती, तिथेच क्लब जन्मले. कोणाची पेठ, कोणाची तालीम, कोणाची पोलीस लाईन, कोणाचा मोहल्ला. मुंबईत गोव्याच्या लोकांनी ‘यंग गोअन्स’ काढला. विदर्भात कामठी हे छावणीचे गाव. तिथल्या रब्बानी क्लबाचे आणि नागपूरच्या यंग मुस्लिम क्लबाचे नाव आजही नागपूरच्या लीगमध्ये घेतले जाते. कोल्हापुरात तर कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल उचलला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही फुटबॉल संघांची नावे आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही खरे वाटत नाही. याच कोल्हापुरात गणपती आणि मोहरमचे पंजे दोन्ही बसवणाऱ्या तालमी आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की सगळे शहर दोन बाजूंना वाटले जाते, पण ती वाटणी पेठेची असते. नाव कुठलेही असो, क्लबाला तीनच गोष्टी लागत: एक जागा, एक ठरलेली वेळ आणि रोज न चुकता येणारा एक वडीलधारा माणूस.

हैदराबादेत या तिन्ही गोष्टी होत्या. शहराच्या मध्यावर फतेह मैदान होते, सिकंदराबादेत जिमखाना मैदान होते आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत लहान पटांगणे होती. बारकस नावाची वस्ती मूळची अरब शिपायांची. ‘बराकी’वरूनच तिला ते नाव पडले. आपल्याकडच्या चाऊस घराण्यांचे पूर्वजही असेच निजामाच्या चाकरीत अरबस्तानातून आलेले. त्या बारकसमध्ये फुटबॉल इतका रुजला की आजही ती वस्ती त्याच खेळाने ओळखली जाते. शहरात सिटी अफगाण्स नावाचा क्लब होता. त्यातूनच पुढे हैदराबाद सिटी पोलीस हा संघ उभा राहिला. पोलिसांत भरती म्हणजे पगार, आणि पगार म्हणजे गरीब घरच्या मुलाला खेळत राहण्याची मुभा.

रहीमसाहेब आधी स्वतः खेळले. चाळीसच्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि १९५० पासून सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. १९५० ते १९५४ या पाच वर्षांत सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स कप हैदराबादला गेला. कूपरेज मैदानावर दरवर्षी हाच संघ जिंकतो म्हटल्यावर मुंबईकरांनी तोंडात बोटे घातली असतील. पण आम्हाला शिक्षक म्हणून कपांपेक्षा त्यांच्या शिकवण्याच्या रीती मोलाच्या वाटतात.

त्यांनी पोरांसाठी वेगळ्याच स्पर्धा भरवल्या. एका स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायचे. ज्याचा उजवा पाय चालतो त्याने डाव्याने, आणि डावखुऱ्याने उजव्याने. दुसऱ्या स्पर्धेत बॉल पायाशी घोळवायला बंदी. आला की लगेच साथीदाराला द्यायचा. तिसरी स्पर्धा उंचीची मर्यादा घालून, म्हणजे धिप्पाड पोरांनी लहानग्यांना दाबून टाकू नये. यात खर्च एका पैचाही नाही. डोके मात्र मास्तरचे आहे. वर्गातही आपण हेच करायला हवे. ज्याला गणित जमत नाही त्याला गणितच थोडे जास्त द्यावे, हुशार पोराने एकट्यानेच उत्तरे देऊ नयेत, आणि मागच्या बाकावरच्या बुटक्यालाही कधीतरी पहिला नंबर काढण्याची संधी मिळावी.

तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा गरीब घरचा मुलगा. रोज शहरात सरावाला यायला त्याच्याजवळ पैसे नसत. रहीमसाहेब त्याला सायकल भाड्याने घेण्यासाठी रोज एक रुपया देत, ही आठवण बलरामने म्हातारपणी मुलाखतींत सांगितली आहे. त्या काळी शिक्षकाच्या पगारात एक रुपया म्हणजे काही थोडी रक्कम नव्हती. हा बलराम पुढे देशाच्या सर्वोत्तम आक्रमक खेळाडूंपैकी एक ठरला. नूर मोहम्मद, अझीझउद्दीन, अहमद हुसेन, झुल्फिकारउद्दीन आणि बलराम, सगळे त्याच शहरातले आणि त्याच उस्तादाच्या नजरेखालचे. रहीमसाहेबांनी पाय पाहिला, आडनाव पाहिले नाही.

देशाच्या संघाचे प्रशिक्षक म्हणूनही त्यांनी चढ-उतार दोन्ही पाहिले. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक जिंकले. दुसऱ्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा फडशा पाडला. आपले बरेचसे खेळाडू तिथेही अनवाणीच होते. त्या पराभवानंतर देशात बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये याच संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. त्यात मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईच्या मैदानावर नाव कमावलेल्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये त्यापुढे आपण आजवर गेलेलो नाही.

मग १९६२ चे जाकार्ता. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने गाठले होते. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला आधीच्या सामन्यात जखम होऊन टाके पडले होते. त्याला बसवून ठेवण्याऐवजी रहीमसाहेबांनी पुढच्या फळीत खेळवले आणि त्याने गोल केले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध एक गोल पी. के. बॅनर्जीने केला, एक जर्नेलसिंगने, आणि आपण २-१ ने सुवर्णपदक घेतले. पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब अल्लाहला प्यारे झाले. वय अवघे त्रेपन्न. आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर पुन्हा आपल्याकडे आलेले नाही.

हैदराबादचा फुटबॉलही हळूहळू ओसरला. कारणे अनेक आहेत: क्रिकेटचे वेड, नोकऱ्यांतला खेळाडूंचा कोटा कमी होणे, संघटनांमधली भांडणे. पण जुने खेळाडू सगळ्यांत आधी एकच कारण सांगतात, की मैदाने गेली. मोहल्ल्यातल्या पटांगणावर घरे उभी राहिली, लग्नाचे हॉल आले, वाहनतळ झाले. मुंबईचा रोव्हर्स कपही २०००-०१ नंतर बंद पडला. मैदान एका दिवसात कधी जात नाही. आधी कोपऱ्यात रेतीचा ढीग पडतो, मग तिथे टपरी येते, मग टपरीला पत्र्याची भिंत होते. दहा वर्षांनी पाहावे तर पोरे रस्त्यावर खेळत असतात आणि आपण त्यांना ओरडत असतो.

आता आमच्या गावाकडे येऊ. शाळेचे मैदान दिवाळीच्या आसपास मक्याने पिवळे होते. शेतकऱ्याला मका वाळवायला जागा हवी, त्याचे आम्हाला काही वाटत नाही. पंधरा दिवसांत तो उचलून नेतो. लग्नाचा मांडव दोन दिवसांत निघतो. पण गाळा एकदा बांधला की तो निघत नाही. गाळ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही अगदी चूक आहे असे नाही. गावात बेरोजगारी आहे, चार तरुणांची दुकाने लागतील, भाडे येईल. आम्ही त्यांना एवढेच म्हणतो, भाऊ, दुकानाला रस्त्यावर दुसरी जागा मिळेल. मैदानाला मिळणार नाही. पूर्ण मापाच्या फुटबॉल मैदानाला साधारण ७१ गुंठे, म्हणजे पावणेदोन एकर जमीन लागते. आमच्याकडे त्याच्या निम्मीही नाही. त्यातून आणखी काय काढणार?

काही पालकांचा तर खेळालाच विरोध असतो. एका अब्बांनी आम्हाला सरळ विचारले, “सर, खेल के पेट भरता क्या?” त्यांचा मुलगा आठवीनंतर शाळेत आलाच नाही. घरची ओढाताण होती, म्हणून तो गॅरेजवर लागला. हजेरीपटावरून नाव गेले. शाळेचा आणि त्याचा संबंध तुटला म्हणायचा, पण संध्याकाळी असरनंतर तो बॉल खेळायला येतच राहिला, काळ्या पडलेल्या हातांनी आणि गॅरेजच्याच कपड्यांत. तिथे आम्ही त्याला रोज भेटत होतो. अभ्यासाचा विषय काढला की तो बॉलमागे पळून जाई. काही महिन्यांनी एके दिवशी तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, “सर, वो बाहर से दसवीं का क्या बोल रहे थे?” मग त्याचा १७ नंबरचा फॉर्म भरला. परीक्षा अजून व्हायची आहे. पास होईल की नाही, अल्लाह जाणे. पण शाळा सुटलेले पोर आम्हाला पुन्हा सापडले ते या मैदानावर, हे त्या अब्बांनीही आता मान्य केले आहे. हे मैदान नसते तर त्या मुलाला भेटायला आम्ही कुठे गेलो असतो? पानटपरीवर?

खेळाने पोट भरत नाही, हे खरे. बहुतेकांचे भरणार नाही आणि तशी आशा मुलांना दाखवूही नये. पण असर ते मगरिब हा तास पोराचा कुठेतरी जाणारच. तो मोबाईलवर जातो की गुटखा खाणाऱ्यांच्या घोळक्यात जातो की आपल्या डोळ्यांसमोर जातो, एवढेच ठरवणे आपल्या हातात आहे. मगरिबची अजान झाली की आमच्याकडे खेळ थांबतो, हे कोणी सांगावे लागत नाही. दुसऱ्या वस्तीतली मराठी शाळेची मुलेही येतात. तीही त्याच वेळी बॉल उचलून घरी जातात.

मुलींचे काय, असे बहिणी आम्हाला विचारतील. सहावी-सातवीच्या मुली आमच्याकडे सकाळी शाळा भरण्याआधी खेळतात. सोबत एक बाई असतात. सुरुवातीला दोन-तीन घरांतून नाराजी आली. आम्ही त्या अम्मींना म्हटले, एक दिवस तुम्हीच येऊन बघा. त्या आल्या, कडेला बसल्या आणि आपल्या लेकीने गोल केला तेव्हा ओढणी तोंडाला लावून हसल्या. आता त्या येत नाहीत, पण मुलगी रोज येते.

तर मग करायचे काय? घोषणा नकोत, थोडी कागदपत्रे आणि थोडा वेळ हवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचे मैदान असावे असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे ही समिती आपलीच आहे, फक्त आपण बैठकीला जात नाही. आपल्या गावच्या शाळेची जागा किती आणि ती कोणाच्या नावावर आहे, हे उतारा काढून बघावे. मैदान मैदानच राहील असा ठराव समितीत घ्यावा आणि ग्रामसभेत मांडावा. कडेने दगड रोवावेत, पावसाळ्यात दोन ओळी कडुनिंब लावावेत. झाडे असलेल्या जागेवर टपरी टाकायला माणूस जरा कचरतो.

आणि रोज येणारा एक माणूस शोधावा. तो शिक्षकच असला पाहिजे असे नाही. निवृत्त पोलीस असेल, इमामसाहेब असतील, कॉलेजला जाणारा एखादा थोरला भाऊ असेल. त्याला फुटबॉलचे नियम नीट आले नाहीत तरी चालेल. ते मुलेच शिकवतील. त्याने वेळेवर यावे, शिवीगाळ होऊ देऊ नये, लहानग्यालाही बॉल मिळतो ना ते पाहावे आणि कोण दोन दिवस आला नाही याची चौकशी करावी. रहीमसाहेबांचे मोठेपण जाकार्तात जगाला दिसले, पण त्याची सुरुवात अशाच रोजच्या हजेरीने झाली होती.

आमच्या समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मैदानाचा ठराव विषयपत्रिकेवर घेतला आहे. तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, ते याच अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.